तीनशेदहा आणि सव्वा मेगा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री वाचलं, तिन्ही फोटोही पाहिले. १२ व्होल्टचे ३.३ करणाऱ्या तुझ्या बोर्डबद्दलचं ‘कन्व्हर्टरला भूत लागलंय’ हे वाक्य वाचून हसू आलं, रागावू नकोस. हसलो ते स्वतःलाच. हेच वाक्य मी एकदा माझ्या वहीत लिहिलंय, तारीखवार, आणि त्याखाली तीन पानं भरून चुकीची उत्तरं लिहिली आहेत. शिवाय त्यातली चिप तुला मीच सुचवली होती, तेव्हा यात निम्मं पाप माझं आहे.

आधी सोल्डरिंग आयर्न बंद कर. दोनदा आयसी बदललास, एकदा कॉइल बदललीस, आणि तिन्ही वेळा बोर्ड तसाच वागला. चोर सोडून संन्याशाला सुळी चाललंय हे. तिसऱ्यांदा आयसी बदललीस तर पॅड उखडतील आणि मग खराखुरा बिघाड तयार होईल.

आता ते आकडे. तू लिहितोस की स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) फ्रिक्वेन्सी कधी ३१० किलोहर्ट्झ दिसते, कधी १.२५ मेगाहर्ट्झ, आणि मधेच एखाद्या क्षणी बरोबर ५००. तू चिडून लिहिलंयस, पण सगळा उलगडा त्या दोन आकड्यांतच आहे. फ्रिक्वेन्सी विसर, वेळ काढ. १.२५ मेगाहर्ट्झ म्हणजे ०.८ मायक्रोसेकंद. ३१० किलोहर्ट्झ म्हणजे साधारण ३.२. बेरीज कर: ४. आणि ५०० किलोहर्ट्झचा एक फेरा किती? २. म्हणजे दोन फेऱ्यांना जेवढा वेळ लागायला हवा तेवढाच लागतोय. फक्त दोन पल्स, म्हणजे स्विच चालू होण्याचे दोन ठोके, एकमेकांना चिकटून येतात आणि मग लांब विसावा. स्कोप बिचारा कधी जवळच्या दोन कडांमधलं अंतर मोजतो, कधी लांबच्या. सरासरी ५०० चीच आहे, म्हणून तर तुझा मीटर ठाम ३.३० दाखवतोय.

तुझा दुसरा फोटो याच नजरेने पुन्हा बघ. १२ व्होल्टचे ३.३ करायचे तर ड्युटी सायकल (फेऱ्यातला स्विच चालू असण्याचा वाटा) २७.५ टक्के, म्हणजे २ मायक्रोसेकंदांतले ५५० नॅनोसेकंद स्विच चालू. फोटोत दोन्ही पल्स अगदी तेवढ्याच रुंदीच्या आहेत, मी चौकटी मोजल्या. त्यांच्यामधली फट साधारण २५० नॅनोसेकंदांची, आणि दुसऱ्या पल्सनंतरची शांतता अडीच मायक्रोसेकंदांहून जरा जास्त. पल्सची रुंदी न हलता फक्त त्यांची जागा हलते, ही या प्रकाराची खूण आहे. पल्स लहान-मोठे होत असते तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं.

तू विचारलंयस, ‘स्लोप कॉम्पेन्सेशन कमी पडत असेल का?’ नाही. तो आजार पीक करंट मोडच्या, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या कंट्रोलरचा. तिथे आत एक घड्याळ असतं, प्रत्येक टोल्याला स्विच चालू होतो आणि कॉइलमधला करंट ठरल्या उंचीला पोचला की बंद. ड्युटी ५० टक्क्यांच्या वर गेली की एक पल्स रुंद, पुढचा अरुंद असं आळीपाळीने सुरू होतं. त्यात टोले जागच्या जागी राहतात आणि रुंदी बदलते. तुझ्याकडे नेमकं उलट आहे, आणि ड्युटीही पन्नासच्या जवळपास नाही.

तुझ्या चिपमध्ये घड्याळच नाही! ही कॉन्स्टंट ऑन-टाइम जातीची आहे. तिचा नियम एका ओळीचा: फीडबॅक पिन (जिच्यावर चिप आउटपुटचा ठरावीक हिस्सा तपासते) ०.८ व्होल्टच्या खाली गेली की ५५० नॅनोसेकंद स्विच चालू कर, मग बंद कर, थोडं थांब, पुन्हा बघ. ५०० किलोहर्ट्झ हा आकडा कुठेही लिहून ठेवलेला नसतो. ऑन-टाइम इनपुट-आउटपुटच्या प्रमाणात बेतलेला असतो, म्हणून सगळं सुरळीत असताना फेरा आपोआप २ मायक्रोसेकंदांचा होतो. स्विच पुन्हा कधी चालू करायचा हे ठरवणारं एकच कुणीतरी आहे, ते म्हणजे फीडबॅक पिनवरचे काही मिलिव्होल्ट. तेव्हा पल्सची जागा चुकते आहे म्हटल्यावर चौकशी थेट त्या पिनपाशी जाते. आयसी आणि कॉइल तिथे जामीन राहायलासुद्धा येत नाहीत.

आता माझं प्रकरण सांगतो, कारण तू तेच जसंच्या तसं पुन्हा केलं आहेस.

तुला दिलेल्या माझ्या जुन्या सर्किटमध्ये आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा एक पॉलिमर कपॅसिटर होता, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) साधारण २० मिलिओम. बोर्ड वर्षभर निमूट चालला. मग मला सुधारणेची हौस आली. पॉलिमर काढला आणि २२ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक लावले: उंचीला कमी, आयुष्य जास्त, ईएसआर जवळपास शून्य. गणिताने रिपल, म्हणजे आउटपुटवरची बारीक लहर, निम्म्याहून कमी व्हायला हवा होता. झालं काय, तर स्विच नोडवर, म्हणजे स्विच आणि कॉइल जुळतात तिथे, तुझ्यासारख्याच पल्सच्या जोड्या, आणि आउटपुटचा रिपल पूर्वीपेक्षा मोठा. चांगला कपॅसिटर लावला म्हणून बोर्ड बिघडला हे डोक्यात शिरायला मला चार संध्याकाळी लागल्या. तोवर मी कॉइल बदलली, ग्राउंड जाड केलं, आयसीवर बोट ठेवून पाहिलं. साप साप म्हणून भुई धोपटणं, दुसरं काय.

आतली गोष्ट अशी. पल्स संपताना कॉइलचा करंट शिखरावर असतो. कपॅसिटरला थोडा ईएसआर असेल तर त्या करंटमुळे त्याच क्षणी आउटपुट व्होल्टेजही वर उचललं जातं. फीडबॅक पिनला लगेच कळतं की काम झालं, आता थांबायचं. ईएसआर नसेल तर आउटपुटवर उरतं ते फक्त कपॅसिटर भरण्या-रिकामा होण्याचं व्होल्टेज, आणि ते करंटच्या मागून रेंगाळत येतं. पल्स संपला तरी आउटपुट अजून वर चढायचंच आहे. कंपॅरेटर, म्हणजे चिपमधला ती पिन तपासणारा भाग, बघतो तर पिन अजून ०.८ च्या खाली. त्याला काय कळणार? किमान ऑफ-टाइमची सक्तीची विश्रांती संपताच तो दुसरा पल्स हाणतो. ती तुझ्या फोटोतली २५० नॅनोसेकंदांची फट म्हणजे हीच विश्रांती. दोन पल्सचा माल एकदम पोचल्यावर आउटपुट जरुरीपेक्षा वर जातं, मग ते उतरेपर्यंत लांब शांतता. आणि पुन्हा तेच.

हिशेब साधा आहे: ईएसआर आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार ऑन-टाइमच्या निम्म्याहून जास्त हवा. निम्मा म्हणजे २७५ नॅनोसेकंद. माझ्या पॉलिमरचा गुणाकार २ मायक्रोसेकंद, म्हणजे ऐसपैस. सिरॅमिकचं बघ. लेबलवर दोन मिळून ४४ मायक्रोफॅरड असले तरी ६.३ व्होल्टच्या लहान सिरॅमिकवर ३.३ व्होल्ट डीसी बसल्यावर कपॅसिटन्स गळतो. धर ३० उरले. ईएसआर दोघांचा मिळून २ मिलिओम. गुणाकार ६० नॅनोसेकंद. २७५ हवेत तिथे ६०. यानंतर बोर्ड नीट चालला असता तरच नवल.

मी शेवटी केलं ते असं. सिरॅमिक तसेच ठेवले आणि चिपला हवा तो रिपल बाहेरून पुरवला. स्विच नोडपासून ५६ किलोओमचा रेझिस्टर, त्याच्या पुढे ३.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, त्याचं दुसरं टोक आउटपुटला. म्हणजे ही जोडी कॉइलला समांतर बसते आणि दोघांच्या सांध्यावर कॉइलच्या करंटचीच छोटी नक्कल तयार होते. सांध्यापासून १०० नॅनोफॅरडने फीडबॅक पिनला. इनपुट-आउटपुटमधला ८.७ व्होल्टचा फरक, ५५० नॅनोसेकंद, आणि त्या आरसीचा (रेझिस्टर-कपॅसिटर जोडीचा) गुणाकार १८५ मायक्रोसेकंद: पिनवर साधारण २६ मिलिव्होल्टची स्वच्छ करवत मिळते. शेवटचा कपॅसिटर डागला आणि स्विच नोडवरच्या जोड्या क्षणात सुटल्या. कवायतीच्या ओळीसारखे पल्स उभे राहिले. मी उगाचच लोड वरखाली करत बसलो, नुसतं बघायला.

एक गंमत मात्र तेव्हा कळली नव्हती, तुला आधीच सांगतो. मीटर ३.३० वरून ३.३५ वर गेला. ही चिप करवतीचा तळ ०.८ ला धरते, मधला भाग नव्हे. २६ मिलिव्होल्टची करवत घातली की सरासरी १३ मिलिव्होल्ट वर सरकते, आणि ०.८ वरचे १३ म्हणजे आउटपुटला ५० मिलिव्होल्ट. त्यामुळे डिव्हायडर, म्हणजे आउटपुटचा हिस्सा पाडून पिनला देणारी रेझिस्टरची जोडी, जरासा कमी करावा लागतो. तुला पुन्हा भूत दिसायला नको, म्हणून लिहून ठेवलं.

पण तुझ्या बोर्डवर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्याकडे नव्हती. तू डिव्हायडर ४७० आणि १५० किलोओमचा केलास. कारण समजतं: माझ्या ४७ आणि १५ मधून ५३ मायक्रोॲम्पिअर सतत वाहतात, तुझ्यातून जेमतेम ५. बॅटरीवर चालवायचं म्हणून काटकसर केलीस. पण मग फीडबॅक पिन ११४ किलोओमच्या टोकावर लोंबकळत राहिली. आणि तिसऱ्या फोटोत, कॉइलच्या खालच्या कोपऱ्यात, फीडबॅकचा ट्रेस स्विच नोडच्या तांब्याला खेटून गेलाय. दोन-तीन मिलिमीटरच, पण तेवढ्यात दोघांमध्ये ०.१ पिकोफॅरड सहज तयार होतो. स्विच नोड दर फेऱ्याला १२ व्होल्टने उडी मारतो. पिनवर ५ पिकोफॅरड धरले तर त्या उडीतले दोनशेहून जास्त मिलिव्होल्ट पिनवर उमटतात, आणि तुझ्या डिव्हायडरमुळे ते ओसरायला अर्ध्या मायक्रोसेकंदाहून जास्त वेळ लागतो.

स्विच बंद होताना नोड वरून खाली पडतो, म्हणजे हा खड्डा पिनला खाली ओढतो. नेमक्या त्याच वेळी कंपॅरेटर विचारत असतो की पिन ०.८ च्या खाली आहे का. आहे ना, दीडशे मिलिव्होल्टने! खरा रिपल त्या पिनवर दोन मिलिव्होल्टही धड नाही: आउटपुटवर आठ-नऊ, आणि डिव्हायडरने त्याचा चौथा हिस्सा. ढोलाच्या शेजारी बसून कुणी कानात कुजबुजावं अशी अवस्था. डिव्हायडर ४७ आणि १५ चा केलास की खड्डा ५७ नॅनोसेकंदांत ओसरायला लागतो, म्हणजे सक्तीची विश्रांती संपायच्या आत निकालात निघतो. पुढच्या बोर्डात ट्रेस लांबून ने, डिव्हायडर चिपला चिकटवून ठेव. या बोर्डात रेझिस्टर बदलले तरी पुष्कळ.

आणि कृपा करून फीडबॅक पिनला प्रोब लावून बघू नकोस. प्रोबचेच दहा-बारा पिकोफॅरड असतात, पिनच्या दुप्पट. मी लावला होता, तेव्हा जोड्यांची चालच बदलली, आणि मी आनंदाने वहीत ‘सैल सोल्डर सापडला’ असं लिहिलं. प्रोब काढला, पुन्हा जैसे थे.

प्रोबवरून आठवलं. तुझ्या फोटोंत ग्राउंडला ती लांब शेपटीची क्लिप दिसते. प्रत्येक कडेला जी थरथर दिसते तिच्यातली बरीचशी त्या शेपटीची आहे, बोर्डची नाही, आणि स्कोप ती थरथरही मधूनच कड म्हणून मोजतो. तुझा तो मधेच दिसणारा ५०० मला तितकासा विश्वासू वाटत नाही. क्लिप काढून प्रोबच्या टोकाला छोटी स्प्रिंग लाव. कोपऱ्यातला फ्रिक्वेन्सीचा आकडा बंदच करून टाक, तो माणसाला वेडं करण्यासाठीच ठेवलेला असावा. पर्सिस्टन्स (जुन्या रेघा पडद्यावर टिकवून ठेवणारी सोय) चालू करून चढत्या कडेवर ट्रिगर ठेव आणि पाच मिनिटं नुसतं बघ. पुढच्या कडेच्या जागी धूसर पट्टा दिसला तर तो जिटर, म्हणजे वेळेतली बारीक थरथर, या जातीत थोडाबहुत असतोच. दोन वेगळ्या, सुट्या कडा दिसल्या तर जोड्या अजून आहेत.

रात्री लोड काढल्यावर येणारी ती बारीक ‘चीं’ मात्र आजार नाही, तिच्या मागे लागू नकोस. तुझ्या कॉइलमध्ये करंटचा रिपल साधारण १ ॲम्पिअर आहे. लोड त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे अर्ध्या ॲम्पिअरच्या खाली गेला की चिप कॉइल रिकामी होऊ देते आणि पुढच्या पल्सची गरज पडेपर्यंत गप्प बसते. फ्रिक्वेन्सी लोडच्या प्रमाणात उतरते: २० मिलिॲम्पिअरला २० किलोहर्ट्झ, १० ला १०, म्हणजे कानाच्या टप्प्यात. सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेजबरोबर किंचित आकुंचन पावतात, बोर्डला वाकवतात, आणि बोर्ड स्पीकर होतो. हे तुझ्या बॅटरीच्या भल्यासाठीच चाललंय. म्हणूनच जोड्या तपासायच्या त्या १ ॲम्पिअर लोडवर. २०० मिलिॲम्पिअरवर स्कोप लावून फ्रिक्वेन्सी कमी का म्हणून रडू नकोस. मी पहिली दोन वर्षं ३४०६३ या जुन्या चिपवर काढली. ती तर गेटेड ऑसिलेटर, आउटपुटला गरज असेल तेव्हा पल्स, नसेल तेव्हा गाळलेले. तिचे पल्स कधीच सरळ ओळीत आले नाहीत आणि कुणी तक्रारही केली नाही.

बाकीच्या शंका एका दमात. आयसी तापून बंद होत असती किंवा करंट लिमिटमुळे हिचकी घेत असती तर मिलिसेकंदांचा खेळ दिसला असता, चालू-बंद-चालू, आणि मीटरनेही सांगितलं असतं. कॉइल सॅच्युरेट होत असती (तिच्या गाभ्याची क्षमता संपत असती) तर करंटची चढण शेवटी एकदम उभी झाली असती. किमान ऑन-टाइमची अडचण तुझ्या ५५० नॅनोसेकंदांना नाही. २४ व्होल्टचे १.२ करशील आणि तेही १ मेगाहर्ट्झवर, तेव्हा ५० नॅनोसेकंदांचा पल्स लागेल, बऱ्याच चिपना तो जमत नाही आणि त्या पल्स गाळतात.

इनपुटकडे मात्र एकदा बघ. तुझा पॉवर सप्लाय टेबलाच्या त्या टोकाला आणि बोर्ड या टोकाला, मधे मीटरभर वायर. कन्व्हर्टर इनपुटला उलट्या स्वभावाचा दिसतो: व्होल्टेज पडलं की तो करंट जास्त खेचतो. पूर्ण लोडला तुझा साधारण उणे २० ओम. वायरच्या इंडक्टन्सची आणि सिरॅमिक इनपुट कपॅसिटरची जोडी त्याच्यासोबत डोलायला लागू शकते. मिडलब्रुकने १९७६ मध्येच हे मांडून ठेवलं, तरी आपण टेबलावर तेच करतो. इनपुट डोललं की ऑन-टाइमही डोलतो. बोर्डच्या इनपुट टर्मिनलवर १०० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक लाव. इथे ईएसआर असलेलाच हवा, उगाच भारीतला नको.

आज रात्री एवढंच कर. स्प्रिंग लावून, १ ॲम्पिअर लोडवर आताचा एक फोटो. मग डिव्हायडर ४७ आणि १५ चा, दुसरा फोटो. माझा अंदाज, जोड्या विरळ होतील पण जाणार नाहीत. मग ती ५६ किलोओमची आरसी, तिसरा फोटो. तिन्ही बदल एकदम करू नकोस, नाहीतर काय लागू पडलं ते दोघांनाही कळणार नाही आणि मला पुन्हा एवढं मोठं पत्र लिहावं लागेल. जुनी आयसी फेकली नसशील तर जपून ठेव, ती चांगलीच असणार.

आणि हो, ती ग्राउंडची स्प्रिंग शोधत बसू नकोस. मागे माझा प्रोब नेलास त्याच्या डबीत, फोमच्या खाली आहे. काम झालं की प्रोबसकट परत आण.

तुझाच,
निम्म्या पापाचा धनी